'रूम'मधून फ्लो घेतला की स्क्रीन आपोआप बदलते?

रानवारा: रूम म्हणजे अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी, डाओ म्हणजे त्यात क्वेरी लिहायची जागा आणि फ्लो म्हणजे डेटा बदलला की नवा निकाल पाठवत राहणारा प्रवाह. वर कोडकरी यांनी लिहिलंय, "डाओमधून फ्लो परत करा, विषय संपला. अजून हाताने रिफ्रेश करणाऱ्यांनी डॉक्युमेंटेशन वाचलेलंच नाही." अशा वाक्यांवर विसंबून नवी मुलं फसतात.

रूमचं लक्ष ओळीवर नसतं, टेबलवर असतं. त्यातला इनव्हॅलिडेशन ट्रॅकर (बदलांवर नजर ठेवणारा भाग) टेबलवर इन्सर्ट, अपडेट, डिलीटचे टेम्प ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारे तात्पुरते आदेश) बसवतो. ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या बदलांचा गट) संपल्यावर त्याला कळतं ते इतकंच, की हे टेबल हललं. मग क्वेरी पहिल्यापासून पुन्हा चालते. चॅटमधल्या एका मेसेजचा 'वाचला' रकाना बदलला, तरी त्या टेबलवरची प्रत्येक चालू क्वेरी धावते, भलत्याच चॅटचीसुद्धा. फ्लोला डिस्टिंक्टअनटिलचेंज्ड (आधीसारखाच निकाल गाळणारं फंक्शन) लावलं तर तोच निकाल पुढे जात नाही, पण क्वेरीचा खर्च झालेलाच असतो. एंटिटीत (टेबलच्या ओळीसाठीच्या क्लासमध्ये) बाइटअ‍ॅरे असेल तर तेही निरुपयोगी, कारण तुलना करताना डेटा क्लास अ‍ॅरेचा मजकूर न बघता संदर्भ, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे तेच बघतो.

शिवाय टेम्प ट्रिगर त्या कनेक्शनपुरतेच. त्याच फाइलवर कोणी दुसरीकडे डेटाबेसबिल्डर (डेटाबेस उघडणारं फंक्शन) चालवला, तर तिथलं लिखाण तुमच्या फ्लोला कळतच नाही.

कोडकरी: डेटाबेस सिंगलटन, म्हणजे सगळीकडे मिळून एकच, ठेवायचा हा पहिला धडा आहे. विजेट वेगळ्या प्रोसेसमध्ये असेल तर इनेबलमल्टीइन्स्टन्सइनव्हॅलिडेशन (एकीकडचा बदल दुसरीकडे कळवणारी सोय) दोन्हीकडे लावा. चूक तुमच्या मांडणीत, शिव्या फ्लोला!

सांजवेळ: मांडणी नीट असूनही स्क्रीन हलत नाही, त्याचं काय? एंटिटीत 'व्हार' (नंतर बदलता येणारं मूल्य) ठेवतात. चेकबॉक्स दाबला की यादीतल्याच ऑब्जेक्टवर 'पूर्ण = ट्रू' करतात आणि तोच अपडेटला देतात. रूम नवी यादी पाठवते, पण जुन्या यादीतला ऑब्जेक्ट आधीच बदललेला. डिफयुटिलला (दोन याद्यांतला फरक शोधणाऱ्या साधनाला) दोन्ही सारखे दिसतात, ओळ पुन्हा बाइंड होत नाही, म्हणजे स्क्रीनवर नव्याने भरली जात नाही. स्टेटफ्लो (शेवटचं मूल्य धरून ठेवणारा फ्लो) तर ती यादी आधीसारखीच समजून गिळूनच टाकतो. मग लोक वैतागून नोटिफायडेटासेटचेंज्ड (पूर्ण यादी पुन्हा दाखवायचा आदेश) टाकतात. एंटिटीत फक्त 'व्हाल' (न बदलणारं मूल्य) ठेवा आणि कॉपी करून अपडेटला द्या.

कोडकरी: हे मान्य, मी लिहायला हवं होतं. पण तोही फ्लोचा दोष नाही.

रानवारा: दोष कुणाचा हा प्रश्नच नव्हता. "विषय संपला" हे चूक आहे, एवढंच म्हणतोय.

पाणवठा: या सगळ्यापेक्षा मोठा घात ऑनकॉन्फ्लिक्ट रिप्लेस (तीच ओळ आधी असेल तर काय करायचं याचा एक पर्याय) करतं, त्यावर कोणी बोलत नाही. रिप्लेस म्हणजे अपडेट नव्हे. जुनी ओळ उडवून नवी घालणं. ऑर्डरच्या टेबलला वस्तूंचं टेबल फॉरेन की (दुसऱ्या टेबलच्या ओळीशी जोडणारा रकाना) आणि कॅस्केडने (मूळ ओळ गेली की जोडलेल्याही जातात) जोडलेलं असेल, तर सिंकमध्ये (सर्व्हरशी डेटा जुळवताना) ऑर्डर पुन्हा घातली की तिच्या सगळ्या वस्तू पुसल्या जातात. फ्लो इमानाने रिकामी यादी दाखवतो आणि लोक स्क्रीनचा कोड तपासत बसतात. रूम २.५ पासून अपसर्ट (ओळ नसेल तर इन्सर्ट, असेल तर अपडेट) आहे, तेच वापरा.

सांजवेळ: अपसर्टचीही जाहिरात नको. ते आधी इन्सर्ट करून बघतं, युनिक अडलं, म्हणजे तेच मूल्य आधी असलं, तर प्रायमरी कीवरून (ओळीची मुख्य ओळख) अपडेट करतं. प्रायमरी की ऑटोजनरेट (आपोआप मिळणारा क्रमांक) आणि युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) सर्व्हरआयडीवर असेल, तर नव्या ऑब्जेक्टचा आयडी शून्य असतो. शून्य आयडीची ओळच नाही, म्हणून अपडेट एकाही ओळीला लागत नाही. एररही येत नाही.

पाणवठा: मग काय, रिप्लेसच ठेवायचं? कॅस्केडने माल जातो त्याचं उत्तर द्या ना!

सांजवेळ: रिप्लेस ठेवा असं मी कुठे म्हटलं? सर्व्हरआयडीलाच प्रायमरी की करा, मग अपसर्ट वापरा. ऑफलाइन बनवलेल्या नोंदी असतील तर फोनवरच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारी ओळख) तयार करा आणि सर्व्हरला तोच घ्यायला लावा.

पाणवठा: सर्व्हरवाले ऐकत असते तर हा वादच नव्हता. बरं, युनिक इंडेक्सचा मुद्दा बरोबर आहे. मग ट्रान्झॅक्शनमध्ये आधी सर्व्हरआयडीवरून स्थानिक आयडी शोधायचा, तो भरून अपसर्ट करायचं. एक क्वेरी जास्त लागते, पण वस्तू शाबूत राहतात.

कोडकरी: आणि हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, नाहीतर शंभर ऑर्डरींच्या सिंकमध्ये तीच क्वेरी पुन्हा पुन्हा धावेल. रानवारा, मूळ वाक्यातलं "विषय संपला" काढतोय. बाकी मत तेच.