उत्तर: ऋण मूळ खोडण्याआधी जरा थांबा

वर्गसमीकरणाला दोन मुळं, म्हणजे दोन उत्तरं असू शकतात. क्ष म्हणजे काळ असेल, तर काळ ऋण नसतो म्हणून उणे उत्तर खोडायचं, असं मुलांना सांगितलं जातं. खोडायचं हे बरोबर, पण ते मूळ निरर्थक नाही. दहावीच्या पोट्ट्यांना हे दाखवायलाच हवं, गणिताची गोडी तिथेच लागते.

नागपूरच्या धरमपेठेत ३० मीटर उंच गच्चीच्या कडेवरून सेकंदाला २५ मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला, असं समजा. गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते) १० धरलं (९.८ घेतलं तर अवयव असे सुबक पडत नाहीत, तिथे वर्गसमीकरणाचं सूत्रच बरं), तर क्ष सेकंदांनी उंची ३० + २५क्ष − ५क्ष². शून्य उंची म्हणजे खालचा रस्ता. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्याचा इथे संबंध नाही; शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो.

चेंडू रस्त्यावर पडतो तेव्हा उंची शून्य, म्हणून −५ ने भागून क्ष² − ५क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष − ६)(क्ष + १) = ०. उत्तर ६ सेकंद.

आता −१ बघा. हाच चेंडू एक सेकंद आधी रस्त्यावरून सेकंदाला ३५ मीटर वेगाने फेकला असता, तर बरोबर शून्य सेकंदाला तो गच्चीपाशी, ३० मीटरवर, २५ च्या वेगाने वर जाताना दिसला असता. समीकरणाला गच्ची माहीतच नाही, त्याला पूर्ण मार्ग दिसतो. म्हणूनच दोन्ही मुळांच्या मधोमध, २.५ सेकंदांना, सर्वोच्च उंची मिळते: ६१.२५ मीटर. −१ आधीच फेकून दिलं असतं, तर मुळांवरून हा मध्य काढता आला नसता.