मदत हवी आहे: बेळगावच्या सार्वजनिक बागेत चार देशांचे वाफे, आपल्या पावसात काय टिकेल?

अनगोळचा_वाफा

नमस्कार मंडळी. पालिकेच्या एका बागेतला सुमारे ३ गुंठ्यांचा पडीक कोपरा आम्हा स्वयंसेवकांना फुलवायला मिळालाय. लेखी परवानगी आहे. अटी दोनच: उभं झाड तोडायचं नाही आणि सिमेंटचं पक्कं बांधकाम करायचं नाही.

चार देशांच्या चार छोट्या बागा करायचं ठरतंय. जपान (खडीची कोरडी बाग), इटली (लॅव्हेंडर, रोझमेरी, सरूची रांग), मेक्सिको (निवडुंग) आणि नेदरलँड्स (ट्युलिप).

जमीन तांबडी, वरचा अर्धा फूट मोकळा, खाली घट्ट. एक फुटाचा खड्डा पाण्यानं भरून पाहिला, तर ५ तासांनी निम्मं पाणी तसंच होतं. उतार पूर्वेकडे. नैर्ऋत्येला मोठी चिंच आहे, तिच्याखाली जपान ठेवायचा विचार आहे. बोअरचं पाणी दिवसाआड तासभर. माणसं १४, दर रविवारी सकाळी ७ ते ९. आता मार्च संपत आलाय, १५ ऑगस्टला बाग खुली करायची आहे.

वाफे किती उंच करावेत? माती-खडीचं प्रमाण काय? आणि यादीतलं काय वगळावं?

खानापूर_तांबडीमाती

सगळ्यात आधी तारीख बदला. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात झड लागली की आठवडा आठवडा माती वाळत नाही, आणि निवडुंग व रोझमेरी नेमके त्याच दिवसांत लावले तर मुळं धरायच्या आत कुजतात. एप्रिल-मेमध्ये वाफे बांधा आणि पावसाळाभर रिकामे ठेवा. माती बसेल, पाणी कुठं तुंबतं तेही दिसेल. लागवड ऑक्टोबरमध्ये करा, २६ जानेवारीला बाग खुली करा.

आता देश. बाग दिसते कशी यापेक्षा त्या देशात पाऊस कधी पडतो ते आधी बघा. इटलीच्या किनाऱ्याकडं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे आपल्या बरोबर उलट. मेक्सिकोच्या मधल्या पठारावर मात्र पाऊस जून ते सप्टेंबरचाच, आपल्यासारखा. म्हणून सगळ्यात मोठा वाफा मेक्सिकोला द्या, आणि तो नुसत्या निवडुंगांचा करू नका. झेंडू मूळचा तिथला. डेलिया, निशिगंध, झिनिया, कॉसमॉस, पॉइनसेटिया आणि देवळासमोरचा आपला चाफासुद्धा तिकडचाच. ही सगळी झाडं इथं डोळे मिटून वाढतात. लोकांना माहीत असलेल्या फुलाचं मूळ गाव कळलं, की वाफ्यापाशी पाय थांबतात.

ट्युलिप सोडून द्या. त्याच्या कंदाला १२ ते १४ आठवडे सलग थंडी लागते. फ्रीजमधले कंद आणून लावले तर आठ-दहा दिवस फुलं दिसतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळा खर्च. त्या जागी मादागास्कर करा: सदाफुली, पानफुटी, काटेरी युफोर्बिया, मागं एक ट्रॅव्हलर्स पाम. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन मिळतं, हे फलकावर जरूर लिहा. गुलमोहरही तिथलाच, पण तुमच्या जागेत नको. फांद्या ठिसूळ आणि मुळं वरवर पसरतात.

वाफ्याचं माप असं. २० × १० फूट, उंची दीड फूट, म्हणजे ३०० घनफूट, ३ ब्रास. निवडुंगांसाठी तांबडी माती दीड ब्रास, ६ मिमी धुतलेली खडी दीड ब्रास, मुरलेलं शेणखत पाव ब्रास. बेरीज ३ च्या वर जाते, पण मिसळताना पोकळ्या भरतात आणि पावसात माती बसते, म्हणून तेवढं लागतंच. क्रशरची भुकटी घेऊ नका, ती ओली होऊन दगडासारखी बसते. मेक्सिकोच्या फुलझाडांना खडी निम्मी करा, शेणखत दुप्पट.

एक चूक हमखास होते. तळाला खडीचा थर घालतात आणि पाणी निघून जाईल असं समजतात. होतं उलटं. बारीक माती आणि जाड खडी जिथं भेटतात तिथंच पाणी अडतं आणि मुळं त्या ओलीत बसतात. खडी सगळ्या मातीत मिसळा, आणि वाफा भरण्याआधी खालची जमीन कुदळीनं ६ इंच उकरून घ्या.

कड जांभ्याच्या चिऱ्यांची, कोरडी रचलेली. सिमेंट नसल्यानं अटही पाळली जाते आणि फटींतून पाणी झिरपतं. चिरा सव्वा फूट लांब धरला तर ६० फूट घेराला एका थरात ४८ लागतात. दोन थरांचे ९६, फुटतुटीसह १०५ सांगा. वरचा थर बोटभर आत कलता ठेवा.

जांभा_चिरा

जपानविषयी. चिंचेखाली अजिबात नको! चिंचेची पानं नखाएवढी, खडीत पडली की झाडूनं निघत नाहीत आणि हातानं वेचायला जन्म पुरणार नाही. दोन पावसाळ्यांत कुजून खडीखाली माती तयार होते आणि तिच्यात गवत उगवतं. उघड्यावर घ्या, झाडाच्या घेरापासून निदान १५ फूट लांब.

खडी गोल गोट्यांची नको, या बागेत खडीवर लाकडी फणीनं ज्या रेघा ओढतात त्या ढासळतात. ६ मिमीची कोनदार करडी खडी घ्या. पांढरी टाळा, उन्हात डोळे दिपतात आणि तांबड्या मातीनं लगेच मळते. २० × १२ फूट जागेला अडीच इंच थर म्हणजे ५० घनफूट, अर्धा ब्रास. खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, जोडांवर एकावर एक ६ इंच चढवा. प्लॅस्टिकचा कागद नको, त्यावर पाणी साचतं.

वळवाचा पहिला जोराचा पाऊस आला की बाजूच्या उघड्या मातीचे शिंतोडे फूटभर उडतात आणि खडीची कड गेरूसारखी लाल होते. म्हणून चहूबाजूंनी ४ इंच उंच कड आणि बाहेर दीड फुटाचा हिरवळीचा पट्टा ठेवा. उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे तुमच्याकडं पश्चिमेला, वीतभर खोल चर काढा.

दगड काळे, विषम संख्येत. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडा, नाहीतर ठेवल्यासारखे दिसतात. क्योटोच्या र्योआनजी मंदिराच्या बागेत १५ दगड आहेत, पण एका जागी बसून ते सगळे एकदम दिसत नाहीत. तुम्हाला ५ पुरेत. फणी सुताराकडून: २ फूट रुंद, दात ४ इंच लांब, दोन दातांत अडीच इंच.

चेरी इथं फुलणार नाही, थंडी कमी पडते. गुलाबी टॅबेबुया पानं गाळून फुलतो, लांबून तोच भास होतो. खडीपासून दूर लावा.

टिळकवाडी_रविवार

बागेत मुलंही येणार, तर मेक्सिकोच्या वाफ्यात घायपात लावलात तर त्याच्या पानांची टोकं छाटा आणि तो वाटेपासून ४ फूट आत ठेवा. काटेरी युफोर्बियाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, छाटताना हातमोजे घाला. फलकावर कन्नड वर आणि मोठं, खाली मराठी, मग इंग्रजी. मजकूर तिन्ही भाषांत सारखाच लिहा आणि लावण्याआधी बागेच्या विभागाकडून मंजूर करून घ्या. देशांचे झेंडे नकोत. चार महिन्यांत उन्हानं विटतात, फाटतात आणि विनाकारण वाद होतो.

अनगोळचा_वाफा

तारीख २६ जानेवारी ठरवली, ट्युलिप बाद. इटली सोडवत नाही, काही मार्ग आहे का?

खानापूर_तांबडीमाती

आहे. लॅव्हेंडरच्या जागी निळी साल्व्हिया लावा, रंग तोच. सरूऐवजी उभा अशोक, ६ फुटांवर एक. बाकी डाळिंब, अंजीर आणि रोझमेरी. कण्हेरही भूमध्य समुद्राकडची, पण विषारी आहे, मुलांच्या बागेत नको.

रोझमेरीला निवडुंगाचंच मिश्रण, वाफ्याच्या सगळ्यात उंच भागात, दोन रोपांत अडीच फूट. बुंध्याशी पालापाचोळा टाकू नका, दोन इंच खडी पसरा. पावसाळ्यात तिच्यावर नजर ठेवा. खालची पानं काळी पडून गळायला लागली की बुंध्याजवळची साल नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर खालच्या फांद्या छाटून वारा खेळता करा. तपकिरी आणि मऊ लागलं तर रोप गेलं, लगेच उपटा. मे महिन्यातच ४ इंचांचे १०-१२ कोवळे शेंडे खडीत लावून छपराखाली ठेवा, ऑक्टोबरपर्यंत बदली रोपं तयार असतात.

आणि झेंडू. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या आठवणीत झेंडूच्या पाकळ्यांनी वाटा सजवतात. तेव्हा फुलं हवीत तर फुलझाडांचा वाफा ऑक्टोबरपर्यंत थांबवू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला बी टाका, महिन्याभरानं रोपं दीड-दीड फुटांवर लावा, आणखी तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा. २६ जानेवारीसाठी दुसरी खेप ऑक्टोबरअखेर पेरा.