जाऊबाईंची पावडर आणि रात्रीचा घाम

कृष्णाकाठची
वय 48, सांगली. शाळेत गणित शिकवते. दीड वर्षापासून पाळी लहरी झालीय. कधी 20 दिवसांत हजर, कधी अडीच महिने पत्ता नाही. ते चालवून घेतलं असतं, पण रात्री दोन-अडीचला छातीतून वर वाफ चढते, गाऊन भिजतो, मी पंखा पाचवर करते आणि शेजारी नवरा गोधडीत मुटकुळं करून. परवा नववीच्या वर्गात फळ्यापाशी तेच झालं. पोरींना वाटलं बाई रडतायत.

थोरल्या जाऊबाईंनी दोन महिन्यांपूर्वी 'नैसर्गिक हार्मोन बॅलन्स' पावडर दिली. दिली म्हणजे विकली, 2,400 रुपयांना डबा. रोज सकाळी दुधातून चमचाभर. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं (पैसे मोजले म्हणूनही असेल). आता घाम वाढलाय आणि वर छातीत धडधड. त्या म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दोन चमचे घे. जवस, सोयाबीन, योगासनं, यातल्या कशाने कुणाला खरंच गुण आलाय का? स्वतःचा अनुभव सांगा, ऐकीव नको.

डोंगरवेडी
जवसाची चटणी वर्षभर खाल्ली. पोट छान साफ झालं, वाफा होत्या तिथेच. सोया दूध तीन महिने, चव आठवली तरी नको वाटतं. योगाने झोप जरा सुधारली. फरक पडला तो सहा किलो वजन उतरल्यावर, तोही हळूहळू. बाकी उशाशी सुती पंचा आणि थंड पाण्याचा तांब्या. हा उपाय नव्हे, सोय.

औषधवाली
औषधाचं दुकान आहे माझं, डॉक्टर नाही. ताई, डब्यावरचे घटक लिहा. आणि रोजची दुसरी कुठली गोळी चालू आहे का?

कृष्णाकाठची
शतावरी, अशोक, लोध्र, अश्वगंधा. गोळी म्हणाल तर थायरॉइडची 75 ची, सहा वर्षं झाली. ती काय, सवयीचीच.

औषधवाली
तीच तर महत्त्वाची! अश्वगंधेने काही जणांत थायरॉइडचं हार्मोन वाढतं. वरून तुमची गोळीही तेच हार्मोन पुरवते. जास्त झालं की धडधड, घाम, झोप उडणं. म्हणजे ज्यासाठी पावडर घेतलीत, नेमकं तेच. तुमचं तसंच झालंय असं इथे बसून म्हणणार नाही, पण पावडर थांबवा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. डबाही सोबत न्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी.

सोया-जवसाचं म्हणाल तर उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 साली सगळे अभ्यास पाहून वाफांसाठी सोया, जडीबुटीच्या गोळ्या, योग यांची शिफारस केलेली नाही. वजन कमी करणं आणि विचार-वर्तनाचं समुपदेशन यांची केलीय. डोंगरवेडी उगाच बोलत नाहीयेत. म्हणून व्यायाम सोडू नका हं, हाडांसाठी तो लागतोच. फारच त्रास असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, त्या सगळ्यांनाच वर्ज्य नसतात.

मंदाआत्या
वय 67. माझी पिशवी 39 व्या वर्षी काढली, बीजकोशांसकट. पाळीची कटकट गेली म्हणून पेढे वाटले आणि पंधरा दिवसांत वाफा सुरू. सासूबाई म्हणायच्या, गरम मसाला कमी कर. मसाला सोडला, वाफांनी मला सोडलं नाही. एकच सांगते, पाळी पुरी वर्षभर बंद राहून पुन्हा डाग जरी दिसला, तरी 'उष्णता' म्हणत घरी बसू नका गं. लगेच दाखवा.

कृष्णाकाठची
बारा दिवसांनी लिहितेय. टीएसएच 0.09 आला, मागच्या वर्षी 2.4 होता (थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की हा आकडा उलट खाली जातो). डॉक्टरांनी डब्यावरचं वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे कुणी दिलं?" मी म्हटलं, घरचंच माणूस. गोळी तीच ठेवलीय, पावडर बंद, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. धडधड जवळपास थांबली. रात्रीची वाफ अजून येते, पण चारदा यायची ती दोनदा. म्हणजे काही थायरॉइडचं होतं आणि काही वयाचं, हे गणित आत्ता सुटलं. वजनाचंही मनावर घेतलंय, सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालते.

आता अडचण वेगळीच. जाऊबाईंनी दुसरा डबा माझ्या नावाने मागवून ठेवलाय आणि रविवारी जेवायला बोलावलंय. टीएसएचचा कागद पर्समध्ये घालून ठेवलाय.

मंदाआत्या
आधी जेवून घे. मग काढ कागद.