मदत हवी आहे: लांबलचक डच शब्द नेमका तोडायचा कुठे?

नमस्कार मंडळी,
ॲमस्टलवीनला येऊन आठ महिने झाले, डच शिकतेय. जोडशब्द आला की जीभ अडते. सगळी पदं एकमेकांना चिकटवून लिहितात हो! परवा क्लासमध्ये मी झोकात 'मासा-ख़बेट' वाचलं, म्हणजे सामुदायिक प्रार्थना. धडा होता स्पाचा. शब्द होता 'मासाझ-बेट', मालिशचा पलंग. स्पेलिंग तंतोतंत तेच. बाईंसकट सगळे हसले.

आता विम्यासाठी फोन करायचाय. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा तो विमा: 'आनस्प्राकलकहेइट्सफरझेकरिंग'. श्वास कुठे घेऊ? जोर कुठे देऊ?

शिवाय रुमालाला मी 'झाकडूक' म्हणते, शेजारच्या आजी 'झागडूक'. मला आधी वाटलं, कवळी सैल असेल.

— सायकलवाली

प्रतिसाद १
ताई, शाळेतला समासविग्रह आठवा आणि शेवटून सुरुवात करा. मुख्य पद शेवटी असतं: 'फरझेकरिंग', विमा. आधीचं 'आनस्प्राकलकहेइट' म्हणजे जबाबदारी. मधला 'स' नुसता डिंक. तो आधीच्या पदाला चिकटवा आणि मग श्वास घ्या. खरा जोर 'स्प्रा'वर, त्याहून थोडा कमी 'झे'वर. 'लक'चं स्पेलिंग बघून 'लेइक' म्हणायचा मोह होतो, तो टाळा.

आजींची कवळी ठीक आहे! वाक् + देवी = वाग्देवी, तसंच झाक + डूक = झागडूक. एरवी डच माणूस 'ग' लिहून घसा खाकरतो. इथे मात्र 'क' लिहून आपला स्वच्छ 'ग' म्हणतो. 'फूटबल'चा 'फूडबल' होतो तोही असाच.

मासाझला मात्र नियम नाही, संदर्भच बघायचा. 'क्वार्ट-स्लाख़न' म्हणजे पाव-पाव फेऱ्या, 'क्वार्ट्स-लाख़न' म्हणजे क्वार्ट्झचे थर. लिहायचं एकसारखंच. डच लोकही फसतात.

प्रतिसाद २
स्वराला स्वर भिडला तर वाचणाऱ्याची थोडी दया येते. समुद्री बदक, 'झे-एन्ट', मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात. 1995 च्या नियमांआधी तिथे रेघेऐवजी 'ए'च्या डोक्यावर दोन टिंबं असत.

सायकलवाली
आभार! दोन दिवस आरशासमोर घोकलं. आज फोन लावला, 'स्प्रा'वर दणकून जोर दिला, 'स'नंतर श्वास घेतला. तेवढ्यात पलीकडची बाई म्हणाली, "हां, आ-फे-पे का?" इथे सगळे म्हणे तीन अक्षरांतच उरकतात.