अनुभव हवेत: तुमची तक्रार आकड्यांत मोजली गेली का?

एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, वार्षिक अहवाल आला की कुठलं शहर सुरक्षित यावर रकानेच्या रकाने भरतात. पण त्यात दाखल झालेले गुन्हे असतात, घडलेले सगळे नव्हेत. तुमच्या बाबतीत एफआयआर झाला का? ठाण्याचं, माणसांचं नाव न घेता लिहा.

सुरुवात माझ्यापासून. लोकलमध्ये चढताना मोबाईल मारला. अंमलदार म्हणाले, "घेताना कुणाला पाहिलंत? नाही ना? मग चोरी कशावरून? गहाळ लिहा." सिमसाठी शिक्क्याचा कागद हवाच होता, दिलं लिहून. पर्सची चेन बहुधा फोनने आतून उघडली असावी.

कोकणकडा: आमची बाईक गेली तेव्हा आधी "आजूबाजूला शोधा" झालं, पण एफआयआर मिळाला. त्याशिवाय विमा कंपनी क्लेम घेत नाही. म्हणून वाहनचोरीचा आकडा मला त्यातल्या त्यात खरा वाटतो. खुनाचाही. प्रेत 'गहाळ'मध्ये बसत नाही.

जुनी_वर्दी: मी खात्यातून निवृत्त. अंमलदाराला खुशाल शिव्या घाला, पण क्राईम मिटिंगही बघा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना होते. दाखल वाढले की साहेब उभं करतात, आणि उघडकीस न आलेली चोरी प्रलंबित म्हणून डोक्यावर बसते ती बसतेच. मग मारामारीची एनसी होते, म्हणजे एफआयआरऐवजी नुसती अदखलपात्र नोंद, आणि चोरीचं गहाळ. दखलपात्र गुन्हा नोंदवणं सक्तीचं, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावलं. सवय मात्र सुटलेली नाही. एखाद्या पीआयने (पोलीस निरीक्षकाने) सगळं दाखल करून घेतलं, तर 'गुन्हेगारी वाढली' म्हणून बातमी त्याच्याच हद्दीची.

आकडेमोड: शिवाय एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असोत, अहवालात मोजलं जातं सर्वांत गंभीर तेवढं एकच. घरफोडीत खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात. घरफोडी गेली.

सातारकर_सून: सासऱ्यांचे पैसे ऑनलाइन गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार क्रमांक आला, थोडी रक्कम गोठली. घरात सगळे निवांत, 'केस झाली' म्हणून! एफआयआर नव्हताच. त्यासाठी ठाण्यात खेटे घातले.

जुनी_वर्दी: नकार मिळाला तर तक्रार लेखी, पोस्टाने अधीक्षकांना पाठवा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 154(3), आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 173(4).

पावसाळी: गहाळ लिहून दिल्यावरही चालतं का?

जुनी_वर्दी: चालतं. पण तुमच्याच सहीचा कागद आधी तुमच्यापुढे ठेवतील.