मदत हवी आहे : बँकॉक, डिसेंबर, दोघं पुरुष, पलंग एकच

नमस्कार मंडळी. मी 46 चा, जोडीदार येत्या डिसेंबरात पन्नास पूर्ण करतोय. पुण्यात एकत्र राहतो त्याला चौदा वर्षं झाली. घरच्यांना माहीत आहे, सोसायटीच्या लेखी आम्ही मावसभाऊ. पन्नाशीसाठी पाच रात्री बँकॉक ठरलंय आणि यावेळी हात आखडता घ्यायचा नाही. हॉटेलला रात्रीचे 40 हजारांपर्यंत चालतील.

दोन बाप्ये बँकॉकला निघालेत म्हटलं की समोरचा डोळाच मारतो. ट्रॅव्हलवाल्याने तर पुरतं ऐकायच्या आत 'बॅचलर पॅकेज' पुढे सरकवलं, पट्टायासकट. आयुष्यभर लोकांना संशय येऊ नये म्हणून जपलं, आणि आता येतोय तो भलताच!

खरी धास्ती वेगळी आहे. गेल्या वर्षी एका महागड्या रिसॉर्टमध्ये किंग बेड बुक केला. खोलीत गेलो तर दोन पलंग, मध्ये टीपॉय. रात्री आम्ही ते जोडले. नाश्ता करून आलो तर पुन्हा वेगळे, टीपॉय जागेवर, वर फुलदाणीसुद्धा. तीन दिवस हा खेळ चालला. तेही काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. पन्नासाव्या वाढदिवसाला हे नको.

नदीकाठी राहावं की सातोर्न-सीलोम भागात? नेटवरच्या 'गे बँकॉक' गाइड वाचल्या, सगळ्या मध्यरात्री जागं होणाऱ्या पंचविशीतल्या पोरांसाठी. आम्हाला अकराला झोप येते आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लग्नबिग्न करायला चाललेलो नाही, हेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद 1
सातोर्नला काही वर्षं नोकरीनिमित्त राहिलोय, म्हणून लिहितो. पलंगाची चिंता सोडा. थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे आणि मोठ्या हॉटेलांना दोन पुरुषांचं बुकिंग त्याच्या आधीपासूनच अंगवळणी पडलंय. तरी बुकिंग झाल्यावर हॉटेललाच थेट ईमेल करा: एकच मोठा पलंग, दोघं पुरुष, जोडीदाराचा पन्नासावा वाढदिवस. मध्ये एजंट नको, तिथेच 'दोन मित्र' होतं.

पन्नाशी आहे तर नदी. मँडरिन ओरिएंटल 1876 पासून चाओ फ्रायाच्या काठावर आहे. पेनिन्सुला समोरच्या तीरावर, येण्याजाण्याला हॉटेलची स्वतःची होडी. संध्याकाळी त्या होडीत बसलात की पैसे वसूल. तिथून सीलोमही लांब नाही: साफान ताक्सिनला बीटीएस ही शहरातली ट्रेन पकडा, चौथं स्टेशन साला डेंग.

उतरल्यावर सोई 4 मध्ये जा, सोई 2 पोरांना सोडा. सोई 4 म्हणजे एक छोटी गल्ली. टेलिफोन आणि बाल्कनी हे दोन जुने बार, टेबलं बाहेर मांडलेली. टेलिफोनमध्ये पूर्वी टेबलाटेबलावर फोन असायचे, पलीकडच्या टेबलावरचा आवडला तर त्याचा नंबर फिरवायचा, म्हणून ते नाव. आठ वाजता खुर्ची धरा, येणारेजाणारे बघा, दहाला परत. झोप बुडत नाही.

गुडघ्यासाठी: वाट अरुण या देवळाच्या पायऱ्या भयंकर उभ्या आहेत, ते नदीतूनच बघा. वाट फो सपाट आहे. 46 मीटर लांब पहुडलेला बुद्ध आणि आवारातच मसाज. ऑपरेशनचं मात्र आधी सांगा, थाई मसाजवाले पाय असा काही पिळतात की विचारू नका.

प्रतिसाद 2
वाढदिवसाच्या जेवणाला 'गा' हे रेस्टॉरंट बघा. शेफ गरिमा अरोरा मुंबईत वाढलेली, मिशेलिन स्टार मिळवणारी पहिली भारतीय बाई. टेबल आधीच धरून ठेवा. आणि आईला फोटो पाठवायचा असेल तर सीलोमलाच मारिअम्मनचं देऊळ आहे, गणपतीही आहे. बँकॉकचं ऐकून धसकलेल्या आमच्या मातोश्री त्या फोटोनेच निवळल्या.

टीडीएसी नावाचं आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. फुकट असतं. पैसे मागणाऱ्या साइट बोगस.

रस्त्यात हात धरलात तर कुणी वळूनही बघणार नाही. चुंबन वगैरे तिथे नवराबायकोही चारचौघांत घेत नाहीत.

मूळ लेखक
खूप आभार दोघांचे. नदी नक्की केली. काल हॉटेलला ईमेल टाकला, चार ओळी लिहायला अर्धा तास लागला, 'जोडीदार' हा शब्द तीनदा खोडला. सकाळी उत्तर आलं. पलंगाबद्दल 'नोंद घेतली' एवढंच. पुढे विचारलंय, केकवर दोघांची नावं घालायची का, आणि घालायची तर आधी कुणाचं?

त्यावर घरात सकाळपासून वाद चालू आहे.