मदत हवी आहे: अल्फा स्पायडर 1974, स्पिका पंप ठेवू की वेबर बसवू?

नमस्कार मंडळी,

मी फ्रीमाँटला, कॅलिफोर्नियात राहतो. माझ्याकडे 1974 ची अल्फा रोमिओ स्पायडर 2000 व्हेलोचे आहे. अमेरिकेत विकलेली, म्हणजे स्पिकाच्या मेकॅनिकल इंजेक्शनवाली (कार्बोरेटरऐवजी एक पंप पेट्रोल मोजून इंजिनात सोडतो). याच इंजिनाला युरोपात जुळे कार्बोरेटर यायचे; इथल्या धुराच्या नियमांपायी अल्फाने 1969 पासून अमेरिकेतल्या गाड्यांना हा पंप लावला.

तक्रार अशी: थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं आणि छान चालतं. गरम झालं की रनिंग जड होतं, सिग्नलला पेट्रोलचा वास येतो, चारही प्लग काजळीने काळे. ॲव्हरेज तर पार झोपलंय. पेट्रोल भरून लगेच निघायचं म्हटलं तर सेल्फ मारत बसावं लागतं.

इथला मेकॅनिक म्हणतो, पंप काढून फेका, दोन वेबर 40 डीसीओई कार्बोरेटर टाका, कटकट मिटेल. मोह होतोय. आमच्याकडे पद्मिनी होती, त्यामुळे कार्बोरेटरचे जेट काढून फुंकण्यात हात बसलेला आहे. 1975 पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, तेव्हा तीही आडकाठी नाही. पण उन्हाळ्यात आम्ही डोंगरातल्या टाहो तलावाला जातो आणि वाटेतला डॉनर पास 7,000 फुटांच्या वर आहे. स्पिकामध्ये हवेचा दाब ओळखणारी कॅप्सूल असते, चढावर पेट्रोल आपोआप कमी होतं. वेबरला ती अक्कल नाही.

कुणी हा पंप स्वतः उघडलाय का? सुरुवात कुठून करू?

जुना पाना:
मालक, पंपाला हात लावू नका! डिझेल पंपाच्या जातीचा आहे तो. आत चार बारीक प्लंजर, क्रँकवरून दातेरी पट्ट्याने फिरतो, सहसा मरत नाही. थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर रिच (पेट्रोल जास्त), हे लक्षण थर्मोस्टॅटिक ॲक्चुएटरचं. स्पिकाला चोक नसतो, ते काम हा करतो. इंजिन तापलं की त्याचा दांडा पुढे सरकून मिश्रण पातळ करतो. आतला ऐवज गळाला की दांडा मागेच राहतो आणि पंपाला वाटतं इंजिन अजून थंडच आहे.

इंजिन पूर्ण तापवा आणि पंपाच्या लिव्हर-स्क्रूमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. 0.5 मिमी हवी. नसेल तर ॲक्चुएटर काढून त्याचा बल्ब गरम पाण्यात धरा. दांडा हलला नाही तर चोर सापडला. पण त्याआधी टप्पेट, पॉइंट आणि टायमिंग बघून घ्या. इग्निशनची अर्धी पापं लोक स्पिकाच्या माथी मारतात.

आणि डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर मात्र प्लंजर झिजलेत, मग पंप जाणकाराकडेच पाठवायचा.

वेबरवाला:
मी बदलून मोकळा झालो. आवाज असा, की रेडिओ लावायची गरज नाही. पण खर्च फक्त कार्बोरेटरचा धरू नका. मॅनिफोल्ड, एअरबॉक्स, पंपाच्या जागी झाकण, थ्रॉटलचे दांडे, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स, सगळंच बदलतं. स्पिकाचा इलेक्ट्रिक पंप तसाच ठेवलात तर फ्लोटची सुई तो दाब पेलत नाही आणि पेट्रोल ऊतू जातं. रेग्युलेटर हवाच. टाहोचं म्हणाल तर वर गाडी धापा टाकते, खोटं कशाला बोलू.

धागाकर्ता:
धन्यवाद पानाशेठ. डिपस्टिकला वास नाही. फट मोजली, गेजची सगळ्यात जाड पाती आत टाकली तरी सैल. बल्ब उकळत्या पाण्यात धरला, दांडा ढिम्म. वेबर सध्या रद्द. आता नवा ॲक्चुएटर घेऊ, की लोक केबलने हाताने फिरवायचा बसवतात तो? फ्रीमाँटला थंडी अशी नसतेच.

जुना पाना:
नवाच घ्या. केबलवाला चालतो, पण गाडी तापल्यावर ढकलायचं विसरलात की पुन्हा काळे प्लग. आणि घरात दुसरं कुणी गाडी नेणार असेल तर विसरलं जाणारच. एवढं खोललंयच तर पंपाचा स्वतःचा छोटा ऑइल फिल्टर असतो, तोही बदला. बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. नवा बसवल्यावर फट पुन्हा गरम इंजिनावरच लावा आणि प्लगचा फोटो टाका.